यातला मी कोणता

मेम्फिस
११ जानेवारी २००४

प्रिय डीकन,

आधी एक ‘टक्’ व्हायचं. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग कुणी म्हातारं माणूस कण्हत कण्हत अंथरुणातून उठावं, तशी ती घरघर हळूहळू वर यायची. आठवते का? आपला तो एकुलता एक ॲम्प्लिफायर. बर्फाच्या जुन्या कारखान्यात थाटलेला आपला स्टुडिओ. हिवाळ्यात भिंतींतून अजून बर्फच पाझरतोय असं वाटायचं. त्या पेटीच्या पाठीमागे काचेच्या नळ्या लालसर व्हायला लागल्या की तू बोटं शेकायचास आणि म्हणायचास, “चला मास्तर, दूध तापलं.”

हल्ली सकाळी जाग आली की मला पहिल्यांदा तीच घरघर ऐकू येते. मग कळतं की तो फ्रिज आहे.

तुला कळवायचं राहिलं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी मला लकवा आला. डेलोरिस माझ्यासमोर पालेभाजी निवडत होती. मी तिला म्हटलं, “पोरी, माझा डावा हात कुठे गेला बघ.” तिला वाटलं, बाबा गंमत करतोय. हात तिथेच होता. अजूनही आहे, मांडीवर पडलेला असतो, चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. त्याला ऊठ म्हणवत नाही आणि बस म्हणवत नाही.

उजवा ठीक आहे, म्हणून हे पत्र. काठी घेऊन खुर्चीपासून खाटेपर्यंत जातो. डोकंही ठीक आहे. मिस हॅटींनी शाळेत पाठ करून घेतलेली नदीची कविता काल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटली, एक शब्द गळला नाही. छडी खाऊन शिकलेलं सगळं शिल्लक राहिलं, डीकन, आणि ज्याने आयुष्यभर पोटाला घातलं ते गेलं. तारा छेडायला हात आहे, दाबायला नाही. अर्धा गिटारवाला म्हणजे काय, कात्रीचं एक पातं.

पण पत्र रडगाण्यासाठी नाही. माझं एक काम आहे.

मागच्या आठवड्यात आमचे पाळक, रेव्हरंड स्टोव्हॉल, घरी आले होते. प्रार्थना झाली, पीचचा गोड कॉबलर खाऊन झाला, आणि मग घसा साफ करत म्हणाले, “ब्रदर लूशस, तुमच्या निरोपाच्या प्रार्थनेला तुमचंच वाजवणं लावावं असं मंडळीच्या मनात आहे. गाणं तुम्ही निवडून ठेवा.” डेलोरिस उठून स्वयंपाकघरात गेली. मला राग आला नाही. बरंच वाटलं. चर्चमध्ये लोक बसलेत, शवपेटी उघडी आहे, आणि मी मात्र वाजवतो आहे. यापेक्षा चांगलं जाणं कुठलं?

मी म्हटलं, ‘दिवा मालवू नको’ लावा. नेव्हाडा क्रम्पने गायलेलं. आपण त्या कारखान्यात किती गाणाऱ्यांमागे बसलो याचा हिशेब नाही. ते यायचे, गायचे, रेकॉर्डवर त्यांचा फोटो छापला जायचा, आणि आपण दुसऱ्या दिवशी त्याच खुर्च्यांवर पुढच्याची वाट बघायचो. पण त्या सगळ्यांत हे एक गाणं असं की अजून कुठल्याही दुकानात, कुठल्याही लग्नात लागतं. आणि लोक त्यातली नेव्हाडा ऐकत नाहीत, डीकन. तो ठोका ऐकतात. चार मात्रांतल्या एक आणि तीनवर फौज चालते, दोन आणि चारवर आपली माणसं, हे तुझंच वाक्य. त्या दोन आणि चारवर ड्रमच्या बरोबरीने एक गिटार पडते, आणि तिच्या मागोमाग, केसभर उशिरा, दुसरी. माणूस खुर्चीत मागे टेकतो ना, तसा तो उशीर. सगळ्या जगाने त्याची नक्कल केली, कुणाला जमली नाही.

पाळकसाहेब गेल्यावर मी ते गाणं लावलं, आणि मला घाम फुटला. यातला मी कोणता?

आपण दोघं एकाच ॲम्प्लिफायरला तार जोडायचो. दोन गिटार, तोंड एकच. आणि आपली ती खोड. गाणं चालू असताना मान हलवून कामं बदलायचो, एकाचं मनगट दुखलं की दुसरा ठोका धरायचा. काचेमागचे रेकॉर्डिंगवाले चिडायचे, “कोण काय वाजवतंय ते तरी सांगा!” आणि आपण हसायचो. तेव्हा गंमत वाटली. आता मी रोज ते गाणं ऐकतो आणि गर्दीत हरवलेल्या पोराला शोधावं तसा स्वतःला शोधतो. सापडत नाही. खरं सांगू? तो उशिराचा मी असावा असं फार वाटतं. पण वाटणं वेगळं. माझ्याच शवपेटीशेजारी मी तुझं वाजवणं लावून बसलो, तर वर गेल्यावर काय तोंड दाखवू?

सोबत कॅसेट पाठवतो. तुझा कान माझ्याहून नेहमीच तीक्ष्ण. ऐक आणि खरं ते सांग.

व्हर्नितावहिनीला नमस्कार.

तुझा,
लूशस

*

सेंट लुईस
२ फेब्रुवारी २००४

मास्तर,

तुझं पत्र वाचून व्हर्निता रडली. मी रडलो नाही, मला नळ दुरुस्त करायचा होता. तो अजून गळतो आहे, म्हणजे बघ माझे दोन्ही हात शाबूत असून काय दिवे लावतात.

हाताचं वाचून वाईट वाटलं. आणखी काही लिहायला बसलो तर तुझ्यासारखी कविता होईल, म्हणून पुरे.

कॅसेट ऐकली. एकदा नाही, दोन दुपारी ऐकली. यात विचारण्यासारखं काय आहे रे? तो उशिराचा ठोका तुझा. शंभर टक्के तुझा. तू आयुष्यात कुठे वेळेवर गेलास? स्वतःच्या लग्नाला अर्लीनचा बाप बंदूक घेऊन रस्त्यात उभा होता, तेव्हा तू न्हाव्याकडे होतास. सरळ, शिपायासारखा पडतो तो मी. माझं वाजवणं कुणाला आठवत नाही, आणि ते बरंच आहे, वाजवताना मी दुपारच्या जेवणाचा विचार करायचो.

तेव्हा पाळकांना सांग, बिनधास्त लावा. फक्त इतक्यात नको.

फोन करत जाऊ नकोस. मला फोनवर बोलायचं सुधरत नाही, व्हर्निता मध्ये मध्ये बोलते. तू लिहीत जा. तुझं अक्षर अजून शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं आहे, वाचायला बरं वाटतं.

डीकन

*

मेम्फिस
१४ फेब्रुवारी २००४

डीकन, माझ्या भावा,

तुझं पत्र आलं आणि मी डेलोरिसला हाक मारून मारून घर डोक्यावर घेतलं. ती म्हणाली, “बाबा, दुसरा झटका आला की काय!” मी म्हटलं, झटका नाही, मी सापडलो!

त्या रात्री लहान मुलासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना सांगितलं, ते म्हणाले, “देवाची स्तुती असो.” मंडळीतर्फे प्रवचनाची टेप घेऊन येणाऱ्या सिस्टर ओझेलालाही सांगितलं. ती म्हणाली, “ब्रदर टार्पली, उशिरा येणं हा गुण असता तर माझा नवरा संत झाला असता.” हसू दे तिला. मी गाणं लावतो, डोळे मिटतो, आणि तो उशिराचा ठोका आला की म्हणतो, हा बघ, हा मी. माझा मेलेला हातसुद्धा तेवढा वेळ माझा वाटतो.

डीकन, इतक्या वर्षांत तू मला काही दिलंस असं

१६ फेब्रुवारी

वरचं वाक्य पुरं करणार नाही. तसंच राहू दे.

आज टपाल टाकण्याआधी एखादं प्रवचन ऐकावं म्हणून सिस्टर ओझेलाने ठेवलेल्या कॅसेटचा ढीग काढला. तुला ठाऊक असेल, चर्चला जाऊ न शकणाऱ्या आजाऱ्यांना आमच्याकडे दर आठवड्याला प्रवचनाची टेप घरी पोचवतात. एवढ्या साठल्या आहेत की त्यातल्याच एकीवर मी तुझ्यासाठी गाणं उतरवून घेतलं होतं. ती कॅसेट इथेच आहे. माझ्या हातात आहे. तुला पाठवली ती तिची जुळी बहीण. तिच्यात दोन्ही बाजूंना रेव्हरंड स्टोव्हॉल आहेत, बायबलातल्या योनाच्या गोष्टीवर.

“दोन दुपारी ऐकली.” काय ऐकलंस रे? योनाला माशाने गिळलं त्यात माझा ठोका कुठला?

चूक माझी, कॅसेट मी चुकवली. पण तू ती यंत्रात घातलीसुद्धा नाहीस. आजारी माणसाला बरं वाटेल असं काहीतरी लिहून मोकळा झालास. पोराला खडीसाखर देतात तशी. मी तुला खरं विचारलं होतं. आपण एकमेकांना सगळ्या थापा मारल्या, बायकांबद्दल, दारूबद्दल, पण वाजवण्याबद्दल कधी नाही. “मास्तर, आज घाण वाजवलंस,” हे माझ्या तोंडावर म्हणणारा तू एकटा होतास.

मी फोनही केला. व्हर्निता म्हणाली, अंघोळीला गेलाय. तासाभराने पुन्हा केला. अजून अंघोळीतच.

पाळकसाहेबांना काय सांगू आता?

लूशस टार्पली

*

सेंट लुईस
३० मार्च २००४

लूशसभाऊ,

हे पत्र व्हर्निता लिहिते आहे. वेंडेलला, म्हणजे तुमच्या डीकनला, न सांगता. त्याला कळलं तर घरात भूकंप होईल, पण घरात काहीच होत नाही आहे त्यापेक्षा भूकंप बरा.

तो बहिरा झाला आहे, भाऊ. थोडा नाही, पार. दोन हिवाळे झाले. आधी एक कान गेला, मग त्याच्या वाटेने दुसरा. कानात घालायचं यंत्र आणलं, त्यातून त्याला नुसती करकर यायची. एक दिवस त्याने ते काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, “यापेक्षा काहीच नको.” तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी माझ्याकडून बायबलवर शपथ घेतली होती. ती मी आज मोडते, देवाने मला बघून घ्यावं. म्हणे, “मास्तर माझ्या कानावर विश्वास ठेवतो. तो एक तरी असू दे.”

फोनवर तुम्हाला खोटं बोलले, माफ करा. एवढी अंघोळ त्याने जन्मात केली नाही.

पण कॅसेटबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं नाही. त्याने ती लावली. आवाज पूर्ण चढवला, शेजारीण भिंत ठोकायला लागली. मी बाजारात होते. आले तर हा जमिनीवर बसलेला, टेपरेकॉर्डरच्या जाळीवर दोन्ही तळवे ठेवून, डोळे मिटून. आणि घरभर तुमचे पाळक गरजताहेत. मी दारात उभी राहिले. तुमचे रेव्हरंड वाक्य संपलं की व्यासपीठावर हात आपटतात ना? ते आपटले की वेंडेलची मान हलायची. त्याने डोळे उघडून मला बघितलं आणि म्हणाला, “व्हर्निता, हा मास्तर. आधी सगळी गर्दी येते, आणि मागून हा. बघ, हात लाव.” मी हात लावला. काय सांगणार होते? म्हटलं, हो, लूशसभाऊच.

तेव्हा खोटं बोलला असेल तर ते मी. त्याला खरंच वाटलं की त्याला तुम्ही सापडलात.

तुमचं पत्र त्याने माझ्या हाती दिलं नाही. वाचलं, घडी घातली, गिटार पलंगाखाली सरकवली आणि तोंड भिंतीकडे केलं. तो झोपल्यावर मीच ते पत्र काढून वाचलं. जेवतो, पण मी समोर बसले तरच. बाहेर पाऊल टाकत नाही, मोटारी ऐकू येत नाहीत म्हणून घाबरतो. चर्च सुटलं. न्हावी घरी येतो. मी पाटीवर लिहून दाखवते, “लूशसभाऊंना दोन ओळी लिहून टाका.” तो पुसून टाकतो.

मी काय करू ते मला समजत नाही. तुम्हाला समजत असेल असंही नाही. पण कुणाला तरी सांगायचं होतं.

आपली,
व्हर्निता मेब्री

*

मेम्फिस
२० एप्रिल २००४

डीकन,

हे पत्र मी किती वेळा सुरू केलं आणि फाडलं. एका हाताने कागद फाडून बघ कधी, दातांत धरावा लागतो. त्यातच अर्धा राग जातो.

मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि जिने सांगितलं तिच्यावर ओरडू नकोस, तिला ऐकू येतं.

रेव्हरंड स्टोव्हॉलना मी सांगितलं की तुमचा हात आपटण्याचा धक्का सेंट लुईसपर्यंत पोचला आणि एका जाणकार माणसाने त्यात दोष काढला नाही. ते इतके खूश झाले की परवाच्या रविवारी म्हणे व्यासपीठावरचा पाण्याचा पेला उलटला.

गाण्याचं मी त्यांना अजून काही कळवलेलं नाही. कॅसेट लावतो, ऐकतो, बंद करतो. तू म्हणालास उशिराचा मी, म्हणून काही दिवस तसं ऐकलं. मग तू म्हणालास ते पाळकसाहेब होते असं कळलं, तर पुन्हा गर्दीतलं पोर हरवलं. आता विचारायला कुणी नाही. ज्याला ऐकू येतं त्याला ओळखता येत नाही, आणि ज्याला ओळखता आलं असतं त्याला

असो.

मिस हॅटी म्हणायच्या, कविता विसरलात तर अडलेल्या ओळीवर डोकं आपटू नका, मागे जा, पहिल्यापासून या, ती ओळ आपोआप दार उघडेल. मी रोज मागे जातो. ‘टक्’पासून सुरू करतो. घरघर. तुझी शेकलेली बोटं. नेव्हाडाने सर्दीसाठी आणलेली ती लिंबाची बाटली. ड्रमवाला चार मोजतो. पहिला ठोका रिकामा, दुसऱ्याला आपण दोघं, आणि तिथेच सगळं धूसर होतं. तुझा खांदा दिसतो, माझा दिसत नाही. स्वतःचा खांदा कुणाला दिसतो?

डेलोरिस शाळेच्या भोजनगृहात कामावर गेली आहे. पोर्चवर ऊन आलंय. जाळीचं दार लावलेलं आहे, आतलं सताड उघडं. उजवा हात माझा काही ऐकत नाही, दिवसभर खुर्चीच्या हातावर ठोके धरतो. बघणाऱ्याला वाटेल म्हाताऱ्याला कंपवातानेही धरलं.

दारावर कुणीतरी आलं आहे. सिस्टर ओझेला असणार, टेप घेऊन. थांब हं.

हाक मारली, “या, उघडंच आहे!” आली नाही. ठोकतेच आहे.

पुन्हा ओरडलो. माझा आवाज गेला नाही, तो डेलोरिस म्हणते उलट वाढलाय. “ढकला दार! मला उठवत नाही!” तरी ठोकणं चालूच. जाळीवर ऊन असं पडलंय की नुसती काळी आकृती दिसते. तिच्या पाठीवर काहीतरी लांबट आहे. टेप इतक्या लांब नसतात.

किती ओरडू? समोरची हिक्सबाई खिडकीत आली. ती तिकडून ओरडते आहे, “आजोबा, आत जा की, बोलावतायत!” माणूस मागे वळूनही बघत नाही. गाढवाला ऐकू

डीकन.

एक रिकामा. ठोका. एक रिकामा. ठोका.

माझा हात पेनासकट खुर्चीवर पडतो आहे, मी काही केलं नाही, तो आपला आपण सामील झाला. माझा पडतो, आणि मग दार. माझा पडतो, आणि मग, केसभराने, दार. मी थांबून पाहिलं, मुद्दाम मागे राहून पाहिलं. जमत नाही. तुला माझं ऐकू येत नाही, तू मला सांभाळून घेत नाहीस, आणि तरी माझ्या मागोमागच येतोस, मागे टेकल्यासारखा.

उशिराचा तू आहेस, लबाडा. पहिल्यापासून तूच होतास. तो ठोका मला देऊन टाकलास.

आणि तो सरळ, शिपायासारखा पडणारा, कुणाला आठवत नाही तो मी. बरं झालं. आधी कुणी वेळेवर पडलंच नाही, तर उशीर कशाला म्हणायचं?

पेन ठेवतो. काठी कॉटच्या पलीकडे पडली आहे, भिंत धरून यावं लागेल. मला दारापर्यंत यायला फार वेळ लागतो रे, आणि थांब म्हटलेलं तुला ऐकू जाणार नाही.

ठोकत राहा.